दीड हजार रुपये, उत्पन्नाचा दाखला आणि मतदाराचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत टोलेजंग इमारती आणि त्यांच्या कुंपणाला लागून उभ्या असलेल्या वस्त्या अशी विषमता रोज डोळ्यांसमोर असताना सामान्य मतदार तिच्याविरुद्ध मत का देत नाही? महिन्याला दीड हजार रुपये देणाऱ्या योजनेने तो विकत घेतला जातो का? आणि विषमतेविषयी त्याला काही पटवून द्यायचे असेल, तर बोलायचे कसे? प्रश्न विचारणारी कार्यकर्ती तरुण आहे, नुकतीच वस्तीत काम करू लागली आहे आणि तिच्या शब्दांत लोकांविषयी थोडा राग जाणवतो. गोवंडी, मानखुर्द आणि मालवणी या भागांत शिधापत्रिका, निराधार योजनेचे अर्ज आणि पुनर्वसनाच्या पात्रतेची प्रकरणे यांच्या निमित्ताने मी बरीच वर्षे काम करते आहे. त्या कामातून जे कळले, त्याच्या आधारेच हे उत्तर देते.

आधी पुस्तकातली बाजू पाहू, कारण राग तिथूनच येतो. मेल्टझर आणि रिचर्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेला एक सिद्धान्त आहे. समाजाचे सरासरी उत्पन्न मधल्या माणसाच्या उत्पन्नापेक्षा जितके जास्त, तितका बहुसंख्य मतदारांचा कल श्रीमंतांवर कर लावून वाटप करण्याकडे असायला हवा, असे तो सांगतो. भारताला तो लागू करून पाहिला, तर मतदारांनी केव्हाच उठाव करायला हवा होता. ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला उत्पन्नाचा सुमारे १५ टक्के हिस्सा आला. तरीही संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला तेव्हा मुंबईतल्या एकाही वस्तीत त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. वारसा संपत्तीवरचा कर तर १९८५ मध्येच गेला होता.

लोकांना आकडे माहीत नसतात म्हणून असे होते, हा आपला पहिला तर्क असतो. त्याचीही तपासणी झालेली आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात लोकांना विषमतेची आकडेवारी त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाशी जोडून दाखवली गेली. विषमता ही गंभीर समस्या आहे, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे बरेच वाढले, पण वारसा कर सोडला तर कोणत्याही ठोस उपायाला मिळणारा पाठिंबा जेमतेम हलला. उलट, सरकारवरचा विश्वास कमी झाला. ज्याच्या हातून वाटप व्हायचे त्याच्यावरच भरवसा नसेल, तर अन्याय मोठा आहे हे कळून माणूस अधिक हताश होतो, एवढेच. आपल्याकडे हे वेगळे घडेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

आता वस्तीत या. इथला माणूस स्वतःची तुलना मलबार हिलशी करत नाही, शेजारच्या खोलीशी करतो, आणि ती तुलना करायला त्याला सरकारनेच शिकवले आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची पात्र-अपात्र यादी, म्हणजे परिशिष्ट-२, ज्या दिवशी भिंतीवर लागते त्या दिवशी त्या गल्लीत जाऊन उभे राहावे. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर ३०० चौरस फुटांचे घर मोफत. त्यानंतरची, पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. त्याहीनंतरची असेल तर नाव नाही. तळमजल्यावरचा पात्र आणि त्याच जिन्याने वर जाणारा पोटमाळ्यावरचा भाडेकरू सर्वसाधारणपणे अपात्र. काल ज्यांनी एका नळावर भांडून का होईना, पण बरोबर पाणी भरले, ते आज एकमेकांच्या वीजबिलाची तारीख तपासतात. पुनर्वसनाच्या बदल्यात बिल्डरला मिळणाऱ्या विक्रीच्या क्षेत्रफळाविषयी त्या गर्दीत कोणी चकार शब्द काढत नाही. बोलणे होते ते ‘त्याचं नाव कसं काय आलं’ एवढ्यावर. यात लोकांचा कोतेपणा आहे असे मला वाटत नाही. रेषा जिथे आखली जाते तिथेच भांडण होते. अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, किमान वेतनापेक्षा थोडेसेच जास्त कमावणारे लोक किमान वेतन वाढवायला सर्वाधिक विरोध करतात, कारण आपल्या खाली उरलेला एकमेव माणूस वर येईल आणि आपण तळाला जाऊ, ही भीती त्यांना असते. केशरी शिधापत्रिका असलेला, पण धान्य न मिळणारा माणूस पिवळ्या शिधापत्रिकेवाल्याविषयी कसे बोलतो, ते ऐकले की या निष्कर्षाचे नवल वाटत नाही.

पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. ती म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात, म्हणजे धान्य मिळणाऱ्या यादीत, बसायचे असेल, तर महाराष्ट्रात शहरी भागासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवलेली आहे. महिन्याला सुमारे ४,९०० रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हे तर सगळ्या घराचे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी ही मर्यादा वर्षाला २१,००० आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुंबईत एवढ्यात खोलीचे भाडे तर सोडाच, एका माणसाचा चहा-वडापावसुद्धा धड भागत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी कोणतीही विधवा प्रामाणिकपणे आपली कमाई सांगेल, तर तिला काहीच मिळणार नाही. म्हणून ती खोटे सांगते. तिला खोटे सांगावे लागते हे तलाठ्याला माहीत असते, तहसील कार्यालयातल्या कारकुनाला माहीत असते, शिधावाटप कार्यालयात माहीत असते आणि तिच्या गल्लीतल्या पक्षाच्या कार्यकर्त्यालाही माहीत असते. किंबहुना तो दाखला बहुतेक वेळा त्यानेच काढून दिलेला असतो.

याचा परिणाम पाहा. त्या बाईला मिळणारे पाच किलो धान्य किंवा दीड हजारांचे अनुदान तिची गरज पाहता तिच्या हक्काचेच आहे. तरीही तिच्या मनात ते कोणीतरी डोळेझाक केल्यामुळे मिळालेले आहे, आणि ती डोळेझाक कधीही थांबू शकते. दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा उमटला नाही, दुकानदाराने ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणून परत पाठवले, तरी ती तक्रार लिहीत नाही, कारण तक्रारीची चौकशी आली तर ती आधी तिच्याच घरात येईल. ज्याच्या कागदात खोट आहे तो ताठ मानेने बोलत नाही. विषमतेविरुद्ध बोलण्यासाठी जो आवाज लागतो, तो दाखल्याच्या खिडकीपाशीच बसतो. मग निवडणुकीच्या दिवशी ती ज्याने दाखला काढून दिला त्याला मत देते, आणि आपण बाहेरून म्हणतो की ती विकली गेली. तिने मत विकलेले नसते. ज्याच्यामुळे घरात धान्य येते तो माणूस टिकावा, एवढा सरळ हिशोब तिने केलेला असतो.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे यश मी याच हिशोबातून वाचते. ही योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांना महिना १,५०० रुपये आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख, असे तिचे स्वरूप होते. बातम्यांत आकड्यांचीच चर्चा झाली, पण वस्तीत खरा फरक पडला तो दोन बारीक तरतुदींनी. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नव्हती आणि पैसे आधारशी जोडलेल्या, बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होणार होते. अंगणवाडी सेविकांनी घरोघरी अर्ज भरून घेतले. प्रत्येक अर्जामागे त्यांना ५० रुपये भत्ता ठरला होता. पहिले दोन हप्ते राखी पौर्णिमेच्या सुमारास एकदम आले. त्या दिवसांत गोवंडीत एक बाई मला म्हणाली, “ताई, मेसेज माझ्या मोबाइलवर आला. कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.” पैसे किती आले हे तिने दुसऱ्या वाक्यात सांगितले.

तिच्याच घरातली दुसरी गोष्ट अशी की सासूबाई ६५ च्या पुढच्या असल्यामुळे त्यांना हेच दीड हजार रुपये वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेतून मिळवायचे होते, आणि त्यासाठी मर्यादा होती वर्षाला २१,००० उत्पन्नाची. रक्कम तीच, घर तेच, उंबरठाही तोच. सुनेसाठी अडीच लाखांची रेघ आणि सासूसाठी एकवीस हजारांची. हे मी त्या घरात नुसते मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी विचारले, “मग माझीच रेघ एवढी खाली कुणी ओढली?” राज्याच्या कल्याणकारी धोरणाविषयी इतका नेमका प्रश्न मी परिसंवादांतही क्वचित ऐकला आहे. विषमतेची चर्चा सुरू करायची तर ती अशा जागी.

आता ‘विकत घेणे’ हा आरोप. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या ४८ पैकी १७ जागांवर अडकलेल्या महायुतीला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० हून अधिक जागा मिळाल्या. मध्ये ही योजना आली, म्हणून सगळे श्रेय किंवा सगळा दोष तिच्यावर टाकणे सोपे आहे. प्रचारातले बाकीचे मुद्दे, जागावाटप, जातींची समीकरणे हे सगळे त्यात विरघळून जाते. पण क्षणभर तसे धरले तरी एक अडचण उरते. महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे वचन दिले होते, महायुतीने २,१०० चे. मत बाजारात मांडलेली वस्तू असती, तर जास्त बोली लावणारा जिंकला असता. लोकांनी तीन हजारांच्या शब्दापेक्षा खात्यात आलेल्या दीड हजारांवर विश्वास ठेवला. ज्यांना आयुष्यभर आश्वासनेच मिळाली, त्यांनी हाती आलेल्या रकमेला जास्त किंमत द्यावी, यात मला व्यवहारज्ञान दिसते, लाचारी नाही.

कायद्यानेही ही रेषा वेगळीच आखली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली मतदाराला व्यक्तिशः पैसे देणे हे भ्रष्ट आचरण आहे. मात्र तमिळनाडूतल्या दूरचित्रवाणी संचांच्या वाटपावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, जाहीरनाम्यातील वचन त्या व्याख्येत बसत नाही. आचारसंहितेच्या तोंडावर दोन हप्ते आगाऊ जमा करणे योग्य की अयोग्य, हा मुद्दा रास्त आहे आणि तो सत्तेवर असलेल्या प्रत्येक पक्षाला विचारावा. पण त्याचा जाब पैसे घेणाऱ्या बाईला विचारण्यात अर्थ नाही.

शिवाय, असा आरोप करणारे आपण बहुतेक वेळा इमारतीत राहणारे असतो. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट देण्याचे वचन दिले गेले आणि २०२२ पासून ती लागू झाली. त्या सुटीला कोणी मतखरेदी म्हटले नाही, ‘मध्यमवर्गाला दिलासा’ म्हटले. या शहराचा एक जुना आणि अधिक चांगला धडाही आहे. १९७२-७३ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आकारला जाऊ लागला. तो मुख्यतः शहरांतल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जातो, आजही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. म्हणजे फोर्टमधल्या कचेरीत बसलेल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या नालाबांधाची मजुरी दिली गेली. त्या काळी गिरणगावातल्या बहुतेक घरांची एक चूल गावाकडे होती, त्यामुळे पैसा कुठे जातो हे कळत होते आणि ते पटवायला भाषण लागले नाही. आज पगाराच्या चिठ्ठीवर तो दोनशे रुपयांचा आकडा दिसतो, पण तो का कापला जातो हे नव्या पिढीला विचारून पाहा.

मग बोलायचे कसे? ‘श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना द्या’ हे वाक्य प्रचारात घेऊन गेलात, तर २०२४ च्या लोकसभेच्या वेळी जे झाले ते पुन्हा होईल. एप्रिल महिन्यात वारसा कराचा विषय निघाला आणि आठवडाभरात तो ‘तुमची मालमत्ता जाणार’ या रूपात वस्तीत पोहोचला. दहा बाय बाराच्या खोलीचा फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) जपून ठेवणारी माणसे कोट्यधीशांच्या बरोबरीने घाबरली. त्यांना मूर्ख म्हणू नका. सरकार घर पाडू शकते हे त्यांनी बुलडोझरसमोर उभे राहून पाहिले आहे. कोट्यधीशांनी ते कधी पाहिलेले नाही. हिरावून घेण्याची भाषा सर्वांत आधी त्यालाच लागते ज्याचे पूर्वी हिरावले गेले आहे.

मी पाण्यापासून सुरुवात करते. महापालिकेच्या आखणीत इमारतीतल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर, असा हिशोब वर्षानुवर्षे चालत आला आहे. घरगुती पाण्याचा पालिकेचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. ज्या गल्लीत अधिकृत जोडणी नाही तिथली बाई वीस लिटरचा कॅन पाच रुपयांना जरी विकत घेत असली, तरी तिला हजार लिटर अडीचशे रुपयांना पडतात. हा गुणाकार मी स्वतः करत नाही. तिच्याकडून, तिच्याच मुलाच्या वहीत करून घेते. किमान पंचवीसपट हा आकडा तिने स्वतः काढला की तो ती शेजारणीला सांगते. मी सांगितला असता तर तो माझाच राहिला असता. आणि इथे शेजारीण प्रतिस्पर्धी ठरत नाही, कारण दोघींच्या दारात तोच टँकर येतो. अनधिकृत वस्तीतल्या लोकांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले होते, हे त्यानंतर सांगितले की ते कानात शिरते.

दुसरा विषय कराचा. ‘आम्ही कुठे टॅक्स भरतो, ताई’ हे वाक्य वस्तीत फार ऐकू येते, आणि ते बोलताना आवाज जरा खाली जातो. अशा वेळी मोबाइलचे रिचार्ज किती रुपयांचे मारले ते विचारावे. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये १८ टक्के दराने सुमारे ४५ रुपये वस्तू व सेवा कर असतो, आणि कंपनीचा मालक असो वा तिचा ग्राहक, तो कर दोघांना सारखाच पडतो. आपणही भरतो, हे कळल्यावर शिधावाटप दुकानात उभे राहण्याची ढब बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मापात धान्य कमी आले तर पावती मागणाऱ्या बायका आधी गप्प बसणाऱ्याच होत्या.

या दोन्हींत बोलण्यापेक्षा विचारणे जास्त आहे, आणि त्याला आधार आहे. मायामीत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दारात उभे राहून केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या संवादाने लोकांच्या मनातला तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. तिथे कार्यकर्ते समोरच्याला स्वतःचा अनुभव सांगायला लावत होते. विषय वेगळा होता, पण रीत उपयोगाची आहे. त्याच अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रचारावरचे ४९ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा मुख्य निवडणुकीच्या तोंडावर घरोघर जाऊन केलेल्या प्रचाराने मत बदलण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. म्हणून मतदानाच्या आधीच्या महिन्यात मी हे काम जवळजवळ करतच नाही. त्या महिन्यात प्रत्येकजण देणाराच असतो, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष काय मिळते याकडे असते.

खरी वेळ निवडणुकीनंतर येते, छाननी सुरू झाली की. लाडकी बहीण योजनेतही तेच झाले: आधी अर्ज भराभर मंजूर, मग २०२५ मध्ये चारचाकी गाडी आहे का, दुसऱ्या योजनेचा लाभ आहे का याची तपासणी, त्यानंतर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी. ज्यांचे नाव गळते त्या पुन्हा त्याच जुन्या कार्यकर्त्याच्या दारात जातात. तुझे काम तिथे आहे. हप्ता थांबलेल्या चार बायका एकत्र बसव. प्रत्येकीचा शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला आला ते बँकेच्या पासबुकावरून लिहून घे, आणि नाव का वगळले याचे कारण लेखी मागणारा अर्ज त्यांच्याच नावाने, त्यांच्याच सहीने दाखल कर. पोच घ्यायला विसरू नकोस. दाखला नव्याने काढायचा असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्याला मुदत ठरलेली आहे; ती मुदत कार्यालयातल्या फलकावर लावलेली असायला हवी. फलक नसेल तर त्याविषयीही अर्ज करता येतो. चौघींपैकी दोघींचे उत्पन्न खरोखर मर्यादेच्या वर निघेल, तेव्हा त्यांना गटातून काढू नकोस. मर्यादा एवढी खाली का, हा प्रश्न त्याच दोघी सर्वांत चांगला विचारतील.